दुसऱ्या कंट्रोलरचा प्रभार

संगणक कक्षात लोखंडी कपाटाएवढे दोन कंट्रोलर होते, आणि कक्षप्रमुख मार्तंडराव पाध्ये यांच्या मते त्यातला दुसरा जरा आगाऊ होता.

पहिला दिवसभर राबायचा. वैनगंगा विणकर महासंघाचा सगळा संसार, म्हणजे कामठीपासून पवनीपर्यंतच्या विणकरांची नावं, कोणाला किती सूत मंजूर, कोणता कागद कोणत्या फाइलीत, हे सारं शेजारच्या डिस्कच्या डब्यांत भरून ठेवलेलं होतं. त्यातून हवं ते काढून द्यायचं काम पहिल्या कंट्रोलरचं. दुसरा नुसता उभा असायचा. पहिला बंद पडलाच तर त्याने आपण होऊन काम हाती घ्यायचं, एवढ्यासाठी त्याला आणलं होतं. तोवर त्याने एसीच्या हवेत उभं राहायचं आणि दसऱ्याला पहिल्याच्या बरोबरीने हार घालून घ्यायचा. महासंघात त्याला 'जावई' म्हणत.

साल सत्त्याऐंशी, महिना मे. रामदासपेठेतल्या त्या इमारतीत एसी दोनच ठिकाणी होता, एक मॅनेजिंग डायरेक्टरांच्या खोलीत आणि एक यंत्रासाठी. त्यामुळे मे महिन्यात आस्थापनेपासून वाटपापर्यंत सगळ्यांनाच संगणकाविषयी जिव्हाळा उत्पन्न व्हायचा आणि लोक काहीबाही विचारायला कक्षात येऊन अर्धा-अर्धा तास उभे राहायचे.

मार्तंडराव येत्या एकतीस तारखेला अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होते. म्हणजे नियमाने होणार होते, मनाने ते मुळीच तयार नव्हते. घरी दिवाणखान्यात त्यांच्या पत्नीचा, नीलाताईंचा, शिवणवर्ग भरायचा. चार मशिनी, चौदा मुली, दहा ते पाच. निवृत्तीचा विषय निघाला तेव्हा नीलाताईंनी हातातली कात्री न थांबवता विचारलं होतं, "बरं, पण दहा ते पाच तुम्ही कुठे असणार, ते आत्ताच ठरवून ठेवा." मार्तंडरावांनी घरभर नजर फिरवली. मधल्या खोलीत कापडाचे गठ्ठे, स्वयंपाकघरात काज-बटणं करणाऱ्या मुली, आणि गच्चीवर सेहेचाळीस अंशांचं ऊन. बत्तीस वर्षं ज्या घराचे हप्ते फेडले, त्या घरात त्यांना दिवसा बसायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज टाकला. संगणक कक्षाचा कारभार अत्यंत गुंतागुंतीचा असून अधोस्वाक्षरीकर्त्यावाचून तो एक दिवसही चालणे अशक्य आहे, असं त्यात लिहिलं.

मॅनेजिंग डायरेक्टर अरुंधती सबनीस महासंघात येऊन तीनच महिने झाले होते. बाई कमी बोलायच्या आणि कागद पूर्ण वाचायच्या, त्यामुळे लोक त्यांना वचकून असत. त्यांनी अर्जावर शेरा मारला : 'एक कंट्रोलर बंद पडल्यास दुसरा आपोआप काम घेतो असे ऐकते. गुरुवारी चार वाजता प्रत्यक्ष बघेन. मग अर्जाचे ठरवू.'

शेरा वाचून मार्तंडराव हरखले. यंत्र फक्कड चाललं की मुदतवाढ पक्की, असं सरळ गणित त्यांनी मांडलं.

तेच गणित आणखी एका माणसाने मांडलं होतं. उपप्रमुख देवराव मेश्राम इंदोऱ्याहून सायकलने यायचे. महासंघात कागदाच्या पट्ट्यांना भोकं पाडून हिशेब व्हायचे तेव्हापासून ते होते, आणि यंत्राचं काय दुखतं ते त्यांना त्याच्या घरघरीवरून कळायचं. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष दहा महिने उरले होते. मार्तंडराव गेले तर प्रमुखपद देवरावांचं. मार्तंडराव दोन वर्षं राहिले तर देवराव उपप्रमुख म्हणूनच घरी जाणार, खुर्ची दोन महिन्यांनी हुकवून. त्यांचे वडील गिरणीत साच्यावर होते. मुलाच्या नावापुढे 'प्रमुख' लागलेलं पाहायला ते आता नव्हते, पण पत्नी कौसल्याबाई होत्या आणि त्यांनी दारावरच्या पाटीचा मजकूर मनात तयार ठेवला होता.

हे मार्तंडरावांनाही ठाऊक होतं. म्हणून गुरुवारी सकाळी आल्या आल्या त्यांनी देवरावांच्या हातात मेमो ठेवला. 'आज रोजी कोणीही, विशेषतः उपप्रमुखांनी, लेखी आदेशाशिवाय यंत्रास कृपया हात लावू नये.'

"साहेब, मी कायले हात लावन?" देवराव म्हणाले.

"तसं नाही हो मेश्राम. पण मॅडम येऊन राहिल्या आहेत. घाईगर्दीत कोणाचा धक्काबिक्का लागायला नको. इथे सही करा."

देवरावांनी सही केली, खाली तारीख घातली, वेळ घातली, आपली प्रत घडी करून खिशात ठेवली आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

अकरा वाजता रंगीत तालीम ठरली होती. यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर रविंद्र ठवकर हत्यारांची पेटी घेऊन हजर होता. मार्तंडरावांनी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि पहिल्या कंट्रोलरचं बटण दाबून तो बंद केला.

पहिला शांत झाला. दुसरा शांतच होता. त्याच्या कपाळावरचा पिवळा दिवा हिरवा व्हायचा, तो पिवळाच राहिला. इमारतभर टेबलांवरचे पडदे जागच्या जागी थिजले आणि एकामागून एक फोन वाजायला लागले.

"किती वेळ लागतो याला?" मार्तंडरावांनी विचारलं.

"आठ सेकंद."

"किती झाले?"

"दोन मिनिटं होऊन राहिले, साहेब."

पहिला पुन्हा सुरू केला. पण हे यंत्र म्हणजे पंखा नव्हे. एकदा झोपलं की उठल्यावर आधी डिस्कचा कोपरा न् कोपरा तपासून बघायचं, आणि त्याला चाळीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ सगळा महासंघ हातावर हात ठेवून बसला. तसा तो एरवीही पुष्कळदा बसलेला असायचा, पण आज त्याला सबळ कारण होतं, त्यामुळे लोक मोकळेपणाने बसले.

रविंद्रने दोन कपाटांमधली एक काळी वायर उपसून काढली. "हे पाहा साहेब. पहिला दर सेकंदाले यातून दुसऱ्याले सांगते, का मी आहे. मी आहे. मी आहे. हजेरी म्हणा न. हजेरी थांबली का दुसऱ्यानं समजून घ्याचं, का पहिला गेला. आता वायरच तुटली असन तं त्याले बिचाऱ्याले समजन कसं?"

दर सेकंदाला हजेरी ही कल्पना मार्तंडरावांना फार आवडली. नवी वायर बसवली. साडेबाराला दुसऱ्यांदा पहिला बंद केला. जावई ढिम्म हलला नाही. पुन्हा फोन, पुन्हा चाळीस मिनिटं. मधेच मॅडमच्या खोलीतून विचारणा आली की पडद्यावर काही दिसत का नाही. मार्तंडरावांनी फोनवर उभं राहून सांगितलं, "किरकोळ तपासणी सुरू आहे, मॅडम." फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसले आणि टेबलावर आणून ठेवलेला चहा तसाच निवत राहिला.

दोन वाजता तिसरा प्रयोग. या वेळी रविंद्रने वायरीला मीटर लावला होता. पहिला बंद झाला आणि रविंद्र मीटरकडे बराच वेळ बघत राहिला.

"ऐकून तं राहिला तो, साहेब. हजेरी थांबली, हे पोचलं त्याच्यापर्यंत. त्याले पक्कं माहीत आहे, पहिला गेला म्हणून."

"मग उठत का नाही?"

"तेच तं. माहीत असून उठून नाही राहिला."

"मुरला म्हणा की महासंघात," देवराव दाराजवळून म्हणाले.

"मेश्राम, तुम्हाला मेमो दिला आहे ना?"

"मेमोत हात लिहिला आहे साहेब. तोंड नाही लिहिलं."

मार्तंडराव काही बोलणार होते, पण तेवढ्यात दुसरंच संकट उभं राहिलं. पहिला कंट्रोलर सुरूच होईना. रविंद्रने त्याच्या पाठीला हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. सकाळपासून तीनदा झोपवून उठवल्याने तो तापला होता, आणि आत जमलेल्या बघ्यांमुळे एसीनेही हात टेकले होते. किमान तासभर त्याला थंड होऊ द्यायला हवं होतं. मार्तंडरावांनी आधी बघ्यांना बाहेर काढलं आणि मग घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

रविंद्र बॅटरी घेऊन दुसऱ्या कंट्रोलरच्या मागे शिरला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "साहेब, इथं खाली किल्लीचं बटण आहे. दोन खुणा आहेत, एक आपोआप आणि एक हातानं. हे तं हातानंवर फिरवून ठेवलं आहे. अशानं तो जन्मात उठणार नाही. आपोआपवर नेलं, का लगेच उठन."

"कोणत्या बह्याडाने फिरवलं ते?" मार्तंडराव कडाडले. आयुष्यात फारसे न वापरलेले शब्द आज त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडत होते.

"चिठ्ठी बांधली आहे याले. वाचू काय? 'आदेश क्रमांक सतरा. दुसऱ्या कंट्रोलरने सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय प्रभार घेऊ नये. सबब सदर बटण कुलूपबंद करण्यात येत आहे.' खाली सही आहे. मा. वि. पाध्ये."

देवराव खिशातला रुमाल काढून चष्मा पुसत राहिले.

मार्तंडरावांना हळूहळू सगळं आठवलं. दोन वर्षांपूर्वी, यंत्र नवं असताना, एकदा विजेचा झटका बसून पहिला बंद पडला होता आणि दुसऱ्याने आठ सेकंदांत काम हाती घेतलं होतं. कोणाला पत्ताही लागला नाही. पण यंत्राच्या नोंदवहीत ते आपोआप छापलं गेलं आणि लेखापरीक्षकाच्या नजरेस पडलं. महासंघात साधी एक दिवसाची रजा घ्यायची तरी प्रभार कोणाकडे दिला त्याचा कागद तीन प्रतींत करावा लागतो. इथे तर सगळ्या महासंघाचा प्रभार एकाकडून दुसऱ्याकडे गेला होता, आणि देणाऱ्याची सही नाही, घेणाऱ्याची सही नाही. लेखापरीक्षकाने आक्षेप काढला. मार्तंडरावांना तो मनापासून पटला. वरिष्ठ क्षणभर डोळे मिटतो काय आणि कनिष्ठ न विचारता त्याच्या खुर्चीत जाऊन बसतो काय. त्यांनी त्याच दिवशी आदेश काढला, बटण फिरवून घेतलं आणि आक्षेपाचं निराकरण झाल्याचं कळवून ते घरी जाऊन शांत झोपले.

"किल्ली कुठी आहे, साहेब?" रविंद्रने विचारलं.

किल्ली लाखेचा शिक्का मारलेल्या लिफाफ्यात, लिफाफा तळमजल्यावरच्या तिजोरीत आणि तिजोरी रोखपाल मनोहररावांच्या ताब्यात होती. मार्तंडराव स्वतः खाली गेले. मनोहररावांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, लिफाफा मात्र दिला नाही.

"आहे न साहेब, लिफाफा आहे. कुठी जाते तो? तुम्ही रसीद आणा, मी देतो."

"कसली रसीद? लिफाफा माझा, सही माझी, आणि मी तुमच्यापुढे बसलो आहे."

"तुम्ही बसले, ते मले दिसून राहिलं. पण नियम काय म्हणते? ठेवताना जे रसीद दिली, ते दाखवल्याबिगर काढाचं नाही. अन् हा नियम तुम्हीच लिहून आणला होता, साहेब. मले तेव्हा वाचूनही दाखवला होता, दोनदा."

रसीद आदेश क्रमांक सतराच्या फाइलीत लावलेली होती. फाइल अभिलेख कक्षात, आणि तिथे इंदूबाई. इंदूबाई एकवीस वर्षं त्या खोलीत बसत होत्या. मार्तंडरावांना धापा टाकत आलेलं पाहून त्यांनी पंखा वाढवला.

"फाइल तं असन साहेब. पण कोणत्या लोखंडी घोडीवर, कोणत्या गठ्ठ्यात, ते यादी पाहिल्याबिगर कसं सांगू?"

"मग बघा ना यादी."

"यादी यंत्रात आहे."

मार्तंडरावांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं.

"तुम्हीच टाकायले लावली न मागच्या वर्षी. अन् जुनं रजिस्टर रद्दीत घातलं, का आता याची गरज नाही म्हणून. मी म्हणत होती, राहू द्या. तं तुम्ही म्हणाले, इंदूबाई, काळाबरोबर चाला."

"किती फाइली असतील एकूण?"

"अकरा हजार."

"आणि एकेक करून शोधली तर?"

"तं मी रिटायर होईन, साहेब," इंदूबाई सहज म्हणाल्या. तो शब्द कानावर पडताच मार्तंडरावांनी दाराची चौकट धरली.

म्हणजे आता यंत्र दुरुस्त करायला किल्ली हवी होती, किल्लीला रसीद, रसीदीला फाइल, फाइलीला यादी आणि यादीला यंत्र. ही सगळी साखळी मार्तंडरावांनी स्वतःच्या सहीने, एकेक कडी तपासून, तयार केली होती. त्यात कुठेही चूक नव्हती, हेच वाईट होतं.

इकडे सव्वातीनला पहिला कंट्रोलर एकदाचा निवला आणि सुरू झाला. आता चाळीस मिनिटं त्याची तपासणी, म्हणजे तो कामाला लागणार चारला पाच कमी असताना. रविंद्र दाराजवळ देवरावांच्या शेजारी येऊन बसला.

"कुलूप फोडू शकत नाही मी," तो म्हणाला. "कंपनीचं सील आहे त्यावर. पण मले एक सांगा, काकाजी. मागच्या वर्षी पहिल्याचा पंखा मी दोनदा बदलला. तेव्हा तो तास-तासभर बंद होता. अन् काम तं चालूच होतं महासंघाचं. कसं?"

देवरावांनी खिशातून सायकलच्या कुलपाची किल्ली काढून तळहातावर ठेवली. झिजून गुळगुळीत झालेली, चपटी किल्ली. "घातली का फिरते. कुलूप असं काही लई हुशार नाही ते. दोन वर्षांत सातदा फिरवली असन मी. पहिला पडला का दुसरा चालू कराचा, पहिला उठला का पुन्हा होतं तसं करून ठेवाचं."

"अन् नोंदवहीत छापलं जात नाही?"

"जाते न. तेवढं पान मी नीट फाडतो. नोंद नाही तं आक्षेप नाही."

"मंग फिरवा न आता. बसले काहून?"

देवरावांनी दुसऱ्या खिशातून मेमो काढून दाखवला. रविंद्रने वाचला. "अन् समजा मी फिरवली," देवराव सावकाश म्हणाले, "यंत्र चाललं, मॅडम खूश झाल्या, साहेबाले दोन वर्षं भेटले. मले एक वर्ष दहा महिने उरले आहेत. घरी बायको पाटी रंगवाचं पाहून राहिली. आता तू सांग."

रविंद्र दोघांसाठी चहा सांगायला बाहेर गेला.

चारला पाच कमी असताना पहिला कंट्रोलर कामाला लागला आणि चारला तीन कमी असताना, जेवायला गेलेल्या मॅडमची गाडी परत फाटकात शिरली. यादी आता बघता आली असती, पण यादी बघून फाइल आणि फाइल काढून रसीद आणायला वेळ नव्हता. मार्तंडरावांनी कपाळावरचा घाम पुसला. दुसरा उठला नाही तर विजेच्या दाबावर ढकलायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. जाता जाता त्यांना दाराजवळ बसलेले देवराव दिसले.

"मेश्राम, तुम्ही असे समोर बसू नका हो. मॅडमना वाटेल इथे लोकांना काम नाही. त्या दुसऱ्याच्या मागे जाऊन उभे राहा."

"लेखी देता का?"

"मेश्राम, पाया पडतो तुमच्या."

देवराव उठले आणि दुसऱ्या कंट्रोलरच्या मागे जाऊन उभे राहिले.

मॅडम आल्या. हातात मार्तंडरावांच्या अर्जाची फाइल होती. त्यांनी दोन्ही कपाटं पाहिली, दिवे पाहिले, रविंद्रला दोन प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, "करा बंद पहिला."

मार्तंडरावांनी हात पुढे केला. हात बटणापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. देवरावांना दोन कपाटांच्या फटीतून तेवढाच हात दिसत होता, आणि थोडा चेहरा. एकोणीस वर्षं तो चेहरा त्यांनी रोज पाहिला होता. माणूस किरकिरा होता, उठसूट मेमो द्यायचा, पण प्रत्येक मेमोत 'कृपया' लिहायचा. कौसल्याबाई बाळंतपणात अत्यवस्थ होत्या तेव्हा याच माणसाने देवरावांची रजा नियमात बसत नसताना बसवली होती आणि वर लेखापरीक्षकाशी भांडला होता. देवरावांना पाटी दिसली. पाटीवरची अक्षरं दिसली. मग पुन्हा तो हात दिसला, आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

मार्तंडरावांनी डोळे मिटून बटण दाबलं. पहिला शांत झाला. देवराव खाली वाकले.

आठव्या सेकंदाला दुसऱ्याच्या कपाळावरचा दिवा हिरवा झाला. टेबलावरच्या पडद्यावर विणकरांची नावं सरकत होती तशीच सरकत राहिली. फोन वाजला नाही. मार्तंडरावांनी एक डोळा उघडला, हिरवा दिवा पाहिला आणि दुसराही उघडला.

"झालं?" मॅडमनी विचारलं.

"झालं, मॅडम." मार्तंडरावांनी शर्टाच्या बाह्या पुन्हा सारख्या केल्या.

"बाहेर कोणाला कळलं असेल, पहिला गेला ते?"

"कोणालाही नाही, मॅडम. अजिबात नाही."

"दुसऱ्याला काही नवीन शिकवावं लागतं का?"

"छे छे. त्याला सगळं आधीपासून ठाऊक असतं. तो शेजारीच तर असतो रात्रंदिवस." मार्तंडराव आता रंगात आले होते. "पहिल्याला जे येतं ते सगळं त्याला येतं. फक्त संधी मिळाली नव्हती, इतकंच."

"आणि पहिला परत आलाच नाही तर?"

"तरी काही बिघडत नाही, मॅडम. काम एका मिनिटासाठीही अडत नाही. तीच तर खुबी आहे."

मॅडमनी फाइल उघडली. "खरं सांगू का, पाध्ये? सकाळपासून यंत्र तीनदा बंद पडलं. दुपारी मी म्हटलं, असलं आजारी यंत्र यांच्याशिवाय कोण सांभाळणार. मी दोन वर्षं मंजूर असं लिहूनही ठेवलं होतं. हे बघा." त्यांनी पान दाखवलं. खरोखरच लिहिलेलं होतं. मग त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि त्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. "पण तुम्ही तर इथली व्यवस्थाच अशी लावून ठेवली आहे की एक गेला तर दुसरा तयार. अर्जात तुम्ही स्वतःवर अन्याय केलात. तुमच्यावाचून अडणार नाही, हे तुमचंच कर्तृत्व आहे. मुदतवाढीची गरज नाही. एकतीसला प्रभार मेश्रामांकडे द्या. कुठे आहेत मेश्राम?"

"इथं आहो, मॅडम," दुसऱ्याच्या मागून आवाज आला.

"पण मॅडम," मार्तंडराव म्हणाले, "तो दुसरा जो आहे, तो तसा अगदी आपोआप..."

"आपोआप नाही उठला?"

मार्तंडरावांनी कपाटाकडे पाहिलं. त्याच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर, त्यांच्या सहीची चिठ्ठी लोंबत होती. ती वाचायला मॅडमना चार पावलं पुरली असती, आणि मॅडम कागद पूर्ण वाचायच्या.

"आपोआपच, मॅडम," ते म्हणाले.

मॅडम गेल्या. रविंद्रनेही शहाणपणाने पेटी आवरली आणि तो निघून गेला. मार्तंडराव दुसऱ्या कंट्रोलरच्या मागे गेले. कुलपात सायकलची किल्ली तशीच होती.

"मेश्राम, मी मेमो दिला होता."

"हाव. सही पण केली होती मी."

"मग काहून फिरवली हो?" इतक्या वर्षांत मार्तंडरावांनी कार्यालयात 'काहून' म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"तुमचा हात बटणापाशीच अडून राहिला होता, साहेब. पाहवलं नाही."

मार्तंडराव दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "नसती फिरवली तर मला दोन वर्षं मिळत होती."

"मले काय माहीत? मले वाटलं, फिरवली तं माझी खुर्ची गेली. म्हटलं जाऊ दे."

मग मार्तंडरावांनी खालमानेने विचारलं, "आता मी दहा ते पाच कुठे बसू, मेश्राम? घरी मुली शिवत असतात."

देवरावांनी विचार केला. "एक तारखेपासून उपप्रमुखाची खुर्ची रिकामी हून राहिली, साहेब. माणूस भरायले महासंघाले वर्ष तं लागते. सल्लागार म्हणून या, बसा. एसी आहे. पण तोंडी जमणार नाही. लेखी अर्ज लागन."

मार्तंडरावांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला, समास सोडला आणि पेन उघडून थांबले.

"कोणाच्या नावे लिहू?"

"कक्षप्रमुखाच्या," देवराव म्हणाले, आणि कुलपातली किल्ली काढून सायकलकडे निघाले.